नागलीवाले अण्णा

पितृपंधरवडा संपून घट बसले, दुपारचं ऊन टाळू तापवू लागलं आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत एक माणूस जागा होतो. एरवी तो चारचौघांतलाच असतो. भाजी आणतो, पेपर वाचतो, पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडतो. पण आश्विन लागला की त्याला दुसऱ्यांचा खोकला ऐकू यायला लागतो. जिन्यात कुणी नुसता घसा खाकरला तरी तो दार उघडून विचारतो, "सकाळी काय खाल्लंस?" शब्द डॉक्टरचे असतात, आवाज फौजदाराचा.

आमच्या जेलरोडच्या सोसायटीत हा मान अण्णांकडे आहे. अण्णांचं म्हणणं थोडक्यात असं: शरदात छाती बिघडते ती पोटामुळे, पोट बिघडतं ते मैद्यामुळे, आणि मैद्यावर उतारा एकच, कोंड्यासकट खाल्लेलं अख्खं धान्य. त्यातही नागली, म्हणजे नाचणी. हे मी थोडक्यात सांगितलं. अण्णांकडून ऐकायचं ठरवलं तर लिफ्ट तीनदा वर जाऊन खाली येते आणि आपण तळमजल्यावरच असतो.

अण्णा प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हणायचं असतं. १९२५ सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस की १९२८ सालची करन्सी नोट प्रेस, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. अण्णा नोटांच्या तपासणीत होते. उभी नोकरी कोऱ्या नोटांतली खोट शोधण्यात गेली. नोकरी सुटली, पण वस्तू उजेडासमोर धरून पाहायची सवय सुटली नाही. वाण्याच्या दुकानात ते नागलीचे चार दाणे तळहातावर घेतात, ट्यूबलाइटखाली धरतात, खिशातून भिंग काढतात आणि मागे रांग वाढत असताना एकेक दाणा उलटासुलटा करतात. वाणी आता सरावला आहे. परवा तो म्हणाला, "अण्णा, खरी आहे हो. म्हणाल तर दाण्यादाण्यावर नंबर टाकून देतो."

अण्णांचा धान्यविचार समजायचा तर आधी जिल्ह्याचा नकाशा समजावा लागतो. धान्याच्या हिशेबात नाशिक जिल्हा उभा चिरलेला आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. तिथे पाऊस कोसळतो, खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नागली-वरई. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव. तिथे पाऊस बेताचा आणि ताटात बाजरी. मधे निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं आहेत, पण द्राक्षाची भाकरी होत नसल्यामुळे अण्णा तो भाग विचारात घेत नाहीत. अण्णा मूळचे इगतपुरी तालुक्यातले आणि त्यांच्या पत्नीचं, म्हणजे माईंचं, माहेर येवल्याचं. म्हणजे जिल्ह्याची ही चीर थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून गेली आहे.

अण्णांच्या मते बाजरी उष्ण. शरदात आधीच पित्त उसळलेलं, त्यात बाजरी म्हणजे आगीत तेल. म्हणून भोगीपर्यंत बाजरीला घरात प्रवेश नाही. माई वाद घालत नाहीत. "भोगीला तीळ लावून भाकरी थापायची तर बाजरी घरात आधी असायला नको का?" एवढंच म्हणतात आणि डबा वरच्या फळीवर ठेवतात. अण्णा बुधवारी बाजाराला गेले, की त्यांच्या घरातून बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. घरी परतलेल्या अण्णांना तो येत नाही असं नाही. पण तपासणीतल्या माणसाला कुठली नोट पाहायची नाही हेही कळावं लागतं.

शरदाला आपल्याकडे वैद्यांची आई म्हणतात. या दिवसांत ती लेकरांना पोटभर रोगी पुरवते. अण्णांनी अष्टांगहृदयातली ऋतुचर्या वाचून एक तक्ता केला आणि नोटीस बोर्डावर लावला. दही वर्ज्य. दिवसा झोप वर्ज्य. तडस लागेपर्यंत जेवण वर्ज्य. पूर्वेचा वारा वर्ज्य. यातलं दही आणि झोप माईंना वर्ज्य झालं. अण्णा दुपारी दोन ते चार डोळे मिटून विचार करतात, ती वेगळी गोष्ट. पूर्वेच्या वाऱ्याचा बंदोबस्त म्हणून गॅलरीला जुनी सतरंजी टांगली गेली आणि खालच्या मजल्याचा सकाळचा उजेड महिनाभर गेला.

त्याच ऋतुचर्येत हंसोदक सांगितलं आहे: दिवसा उन्हात तापलेलं, रात्री चांदण्यात निवलेलं आणि अगस्तीच्या ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेलं पाणी. सोसायटीच्या टाकीचं झाकण पावसाळ्यात मोडलं होतं. जून ते सप्टेंबर त्या झाकणावरून सेक्रेटरीला सळो की पळो करून सोडणारे अण्णा आश्विनात म्हणाले, "आता कार्तिक संपेपर्यंत बसवू नका. सूर्य, चंद्र, अगस्ती, तिघांचीही सोय झालेली आहे." सेक्रेटरी म्हणाले, "आणि चौथा डास. महापालिकेचा माणूस डेंग्यूच्या अळ्या शोधत फिरतोय." झाकण बसलं. अण्णांनी गच्चीवर स्वतःचा तांब्या ठेवला, वर मलमलचं फडकं बांधून.

आमच्या गल्लीत एक वैद्य आहेत. त्यांनी एकदा चहा पिता पिता खडा टाकला, "अण्णा, सुश्रुतसंहितेत सावा, कोद्रू वगैरे धान्यं कुधान्यवर्गात घातली आहेत, बरं का." दुसरा कुणी खचला असता. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्यांचं सुरगाण्याला येणं झालं नसावं."

जुन्या ग्रंथांनी साथ सोडली, की अण्णा नव्या विज्ञानाकडे वळतात. तिथे त्यांची बाजू खरोखरच भक्कम आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका गटाला जास्त चोथा असलेलं खाणं दिलं, दुसऱ्याला कमी, आणि मग सगळ्यांच्या नाकाशी घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा अर्क नेला. भरपूर चोथा खाल्लेल्यांच्या श्वासनलिका कमी सुजल्या. कारण असं, की माणसाला किंवा उंदराला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात, ती रक्तात उतरतात आणि शरीराचा उगाच भडकलेला दाह शांत करतात. पोट आणि छाती यांची अशी आतून बोलणी चालतात.

हे अण्णांनी गच्चीवरच्या सभेत सांगितलं तेव्हा वॉचमनने हात वर केला. "बरोबर आहे साहेब. आमच्या गावच्या कणगीतले उंदीर कधी खोकताना ऐकले नाहीत."

अण्णांचा दुसरा पुरावा २०१६ सालचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. ४५ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब: रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी. हा आकडा अण्णांच्या जिभेवर कायम बसलेला असतो. त्यातल्या दोन गोष्टी मात्र ते भरभर उरकतात. एक, ती माणसं बहुतेक युरोप-अमेरिकेतली, ओट, राय आणि कोंड्याच्या पावावर पोसलेली. दोन, हिशेब आहे तो वर्षानुवर्षांचा आणि मृत्यूंचा. घटस्थापनेला सुरुवात केली आणि कोजागरीला खोकला गेला, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय अख्खं धान्य खाणारा माणूस सहसा चालायलाही जातो आणि सिगारेटही कमी ओढतो. अभ्यासकांनी हे हिशेबात धरायचा प्रयत्न केला, तरी श्रेय कुणाचं किती, हे शेवटच्या दाण्यापर्यंत निवडता येत नाही.

सभेनंतर माईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "९० ग्रॅम म्हणजे किती पोळ्यांचं पीठ हो?"

"तीनेक पोळ्या."

"मग ते तर आपण रोजच खातो. गिरणीतून आणलेल्या पिठातला कोंडा मी कधी चाळून टाकलेला नाही. अख्खंच झालं की."

अण्णा गप्प बसले, मग चिडून म्हणाले, "पोळी काय, सगळेच खातात!"

या जातीच्या माणसाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. जो गुण शेजाऱ्याच्या ताटात आधीपासून आहे, त्याचा प्रचार करता येत नाही. सभा भरवायची तर धान्य असं हवं, की जे लोकांनी सोडून दिलं आहे, जे आणायला लांब जावं लागतं आणि जे थापताना मोडतं.

नागलीत हे तिन्ही गुण आहेत. दाणा मोहरीएवढा. कोंडा अंगाला असा घट्ट चिकटलेला, की तांदळाला करतात तसं पॉलिश तिला सहजी करता येत नाही. त्यामुळे दळली की ती कोंड्यासकटच दळली जाते. "नागलीला पांढरी करून दाखवा!" असं आव्हान अण्णा येताजाता देतात. उपासाची भगर मात्र त्यांच्या मनातून उतरली आहे, कारण वरई भरडून, घासून, टरफल काढून ती पांढरीशुभ्र होते. आणि नाशिकला तर भगरीच्या गिरण्या आहेत, म्हणजे दिव्याखालीच अंधार. नागलीत कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मी एकदा म्हणालो, "पण अण्णा, कॅल्शियम हाडांसाठी. फुप्फुसांशी त्याचा काय संबंध?"

"बरगड्या कशाच्या असतात?" अण्णा म्हणाले.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले. नागलीचेच. वर्षभर त्यांचा चेहरा आपलं पत्र न्यूयॉर्कला पोचल्याचा होता. पण त्या वर्षाने बाजारात मल्टिग्रेन बिस्किटं, नाचणीचे चिप्स आणि ज्वारीचे पफ असा माल आणला आणि अण्णांच्या भिंगाला नवं काम मिळालं. पुड्यावरच्या यादीत जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी लिहावा लागतो, हे त्यांनी शोधून काढलं. तेव्हापासून ते मॉलमध्ये जाऊन पुडे उलटे करून वाचतात. "गव्हाचं रिफाइंड पीठ, म्हणजे मैदा, साखर, पामतेल… आणि नागली? ही बघ, खाली, दोन टक्के. ही नुसती फोटोला उभी राहिली आहे!" एवढं बोलून ते पुडा जागेवर ठेवतात, पण तोंड आत आणि माहिती बाहेर, असा.

रविवारी आम्ही काही जण मिसळ खायला जातो. नाशिकच्या माणसाला हा धर्म चुकत नाही आणि अण्णाही नाशिकचेच. मटकीबद्दल त्यांची तक्रार नाही. मोड आलेलं अख्खं कडधान्य, सालीसकट. तक्रार पावाबद्दल. म्हणून ते पिशवीतून फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी काढतात. सकाळी थापलेली नागलीची भाकरी दहा वाजेपर्यंत अशी ताठते, की रश्श्यात बुडवून ठेवल्याशिवाय ती शरण येत नाही. मग एक वाटी रस्सा, आणखी एक वाटी, अजून एक. गल्ल्यावरचे मालक हे सगळं बघत असतात. एका पावाची बचत आणि चार वाट्या तर्री खर्च, हा व्यवहार त्यांना अजून जुळवता आलेला नाही. तर्री घशात गेली की अण्णांना जोराचा ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, आम्ही पाठीवरून हात फिरवतो. श्वास परत आल्याबरोबर ते पहिलं वाक्य बोलतात, "हा खोकला नाही."

हसण्यावारी नेण्यासारखे अण्णा पुष्कळ आहेत, पण सगळे नाहीत. नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते, आणि दळून ठेवलेल्या पिठात तर ती दिसतही नाही. अण्णा पहिल्या माळेच्या आधी घरोघर जातात. सुटं पीठ घेऊ नका, दाणा घ्या, निवडा, धुवा, वाळवा, लागेल तेवढंच दळा. भगर त्यांना आवडत नाही, तरी उपास करणाऱ्या प्रत्येक घरची भगर ते ट्यूबलाइटखाली धरतात. त्यांच्या नजरेखालून गेलेली भगर खाऊन आमच्याकडे आजवर कुणाचं पोट दुखलेलं नाही.

आणि तळमजल्यावरच्या काकूंची गोष्ट. त्यांना जुना दमा. आश्विनात तो दरवर्षी उसळतो. पहाटेचा गारठा, दुपारचं ऊन, रस्त्याकडेला फुललेलं गाजरगवत आणि दिवाळीसाठी माळा आवरताना उडणारी धूळ, सगळं एकदमच येतं. अण्णांची सभा ऐकून काकू उत्साहाने म्हणाल्या, "अण्णा, उद्यापासून नागली सुरू. मग पंप बंद करू ना?"

अण्णांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे. "पंप बंद?" ते ओरडलेच. "काकू, पंप डॉक्टरांनी दिलाय. तो त्यांनी सांगेपर्यंत रोज घ्यायचा. तुम्ही तो बंद करणार, रात्री दम लागणार आणि नाव खराब होणार माझ्या नागलीचं! नागली ताटात, पंप उशाशी." पुढे महिनाभर ते रोज संध्याकाळी काकूंच्या दारावर टकटक करून दोनच प्रश्न विचारायचे, "पंप घेतला? भाकरी खाल्ली?" क्रम कधी चुकला नाही. काकूंचा शरद बरा गेला. श्रेय अर्थातच भाकरीला मिळालं.

कोजागरीला दम्याचं औषध देण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. खीर चांदण्यात ठेवायची, तिच्यात औषध घालायचं आणि रोग्याने रात्रभर जागायचं. तोच मुहूर्त धरून अण्णांनी गच्चीवर 'श्वासमापन' ठेवलं. आटीव मसाला दूध बाद. त्या जागी दुधात शिजवलेलं नागलीचं सत्त्व. सहा महिन्यांच्या बाळाला चाटवतात तो पदार्थ पेला भरभरून पिताना पन्नाशीतली माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. मापनाला यंत्र होतं तीन गोळ्यांचं, प्लॅस्टिकचं, ऑपरेशननंतर रोग्याला देतात ते. अण्णांच्या मेव्हण्याला बायपासनंतर मिळालेलं. नळी दर वेळी स्पिरिटने पुसायला माई बसल्या होत्या.

यंत्राची गंमत अशी, की त्यात हवा आत ओढायची असते. आमच्या सोसायटीने मात्र एकजुटीने फुंकर मारली. सेक्रेटरींनी गाल फुगवले, डोळे तांबारले, गोळ्या ढिम्म. "सेक्रेटरी, निकाल शून्य. आहार, ब्रेड-बटर," अण्णांनी वहीत लिहिलं. हवा ओढायची हे कळल्यावर कुणाची एक गोळी उडाली, कुणाच्या दोन. अण्णांच्या स्वतःच्या दोन उडाल्या आणि तिसरी थरथरली. ती थरथर त्यांनी पूर्ण गुणांत धरली. मग आले चौथ्या मजल्यावरचे बँडवाले. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी नळी तोंडात धरली, तिन्ही गोळ्या टणकन वर गेल्या आणि वरच राहिल्या. माईंनी दहापर्यंत आकडे मोजले. बँडवाल्यांनी नळी काढून विचारलं, "सोडू का?"

"आहार?" अण्णांनी पेन सरसावलं.

"चहा-खारी. सीझनमध्ये बुफे."

अण्णा बराच वेळ वहीकडे बघत होते. शेवटी त्यांनी लिहिलं, "माहिती संशयास्पद. आजोळ पेठचं असावं."

मला वाटलं होतं हे प्रकरण इथेच संपेल. पण त्यानंतरच्या बुधवारी अण्णा मला पिशव्या धरायला म्हणून गोदाघाटावरच्या बाजारात घेऊन गेले. तिथे पेठेकडून आलेली एक म्हातारी पोत्यावर नागली मांडून बसली होती. अण्णांनी चार दाणे घेतले आणि सूर्यासमोर धरले. "नवी का?"

"नवी दिवाळी झाल्यावर, बाबा. ही गेल्या सालची. नागलीला कीड नाही लागत, कितीक वर्सं राहती."

अण्णा खूश झाले आणि तिच्या बाजूने उभं राहून गिऱ्हाइकांना व्याख्यान देऊ लागले. आतडी, आम्लं, २२ टक्के. गर्दी जमू लागली. तेवढ्यात म्हातारीला खोकल्याची उबळ आली. साधीसुधी नव्हती. तिने पदर तोंडाशी धरला, मापटं खाली ठेवलं आणि खोकत राहिली. गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत होती, मग अण्णांकडे.

"मावशी, तुम्ही नागली खात नाही वाटतं?" अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं.

"खात नाही कशी? तीन टाइम तीच. भाकर आन् उडदाचं वरण."

"मग हा खोकला?"

"चुलीचा हाये, बाबा. पोरगी होती तवापून फुकती चूल. शिलेंडर हाये घरात, पर भरायला पैसं लागत्यात, चहापुरता पेटवितो." तिने मापटं पुन्हा उचललं. "नागलीनं खोकला जाता तं आमच्या पाड्यावर कोणी खोकलंच नसतं."

ती हे चेष्टेने बोलली नव्हती. भाव सांगावा तशी सांगत होती. अण्णांनी मुकाट्याने पाच किलो घेतली. सुटे पैसे परत देताना तिने सांगितलं, की नातवंडं काही नागलीला हात लावत नाहीत, जाताना त्यांना पावाची लादी न्यायची आहे. अण्णांनी तिची नोट उजेडासमोर न धरताच खिशात टाकली. तेव्हाच मला कळलं की त्यांना लागलं आहे.

घरी आल्यावर त्यांनी सगळं माईंना सांगितलं. माई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सासूबाईंनी जन्मभर दुसरं काय खाल्लं? आणि जन्मभर खोकल्याच ना. आपल्या गावच्या घराला धुराडं होतं कुठे? मी तर सून म्हणून आल्यापासून ऐकत होते. तुम्ही प्रेसमध्ये असायचात."

डॉक्टर आता हेच सांगतात. कधी विडी न ओढलेल्या बायकांना जुनाट श्वासरोग होतो, त्याच्या मोठ्या कारणांत चुलीचा धूर आहे. श्वासात काय जातं ते आधी, ताटात काय येतं ते त्याच्यानंतर. धान्य आपलं काम करतं, पण हळू, वर्षानुवर्षं, आणि गाजावाजा न करता. अण्णांना यातली हळू ही गोष्टही जमणारी नव्हती आणि गाजावाजा न करणंही.

नोटीस बोर्डावरचा तक्ता उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तोही पूर्ण बाहेर पडायच्या आत नवा तक्ता लागला: 'धूर'. डासांची उदबत्ती वर्ज्य. देवापुढे एकच उदबत्ती, तीही खिडकी उघडून. माळा आवरताना नाकाला ओला रुमाल. जिन्यात फटाके वाजवणाऱ्याच्या वडिलांना दंड. फोडणी घालण्यापूर्वी एक्झॉस्ट फॅन लावणे सक्तीचे. गॅलरीतली सतरंजी उतरली, कारण वारा, मग तो पूर्वेचा का असेना, आता खेळता पाहिजे. आणि पेठच्या म्हातारीला सिलिंडर भरायला पैसे मिळावेत म्हणून सोसायटीची वर्षाची नागली थेट तिच्याकडूनच घ्यायची, तीही तिने सांगितलेल्या भावाने, असा ठराव अण्णांनी मंजूर करून घेतला. विरोध एकट्या माईंनी केला. त्यांचं म्हणणं, ठरावात येवल्याची बाजरीही घाला. दोन किलो बाजरीची दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली.

सध्या अण्णा घरोघर जाऊन एक्झॉस्ट फॅनच्या जाळ्या काढतात, ट्यूबलाइटखाली धरतात आणि भिंगातून बघतात. तळमजल्यावरच्या काकू पास झाल्या. बँडवाले काठावर पास. सेक्रेटरींच्या जाळीतून उजेडच पलीकडे गेला नाही, म्हणून त्यांना लेखी ताकीद. आमची जाळी चिकट निघाली, नापास. फेरतपासणी रविवारी, मिसळीच्या आधी. नापासांना प्रोत्साहन म्हणून अण्णा नागलीचे लाडू आणणार आहेत, आणि ते त्यांच्यासमोर खावे लागणार आहेत.